लष्करी लिलावातली जोंगा घेण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की गोव्यातल्या गॅरेजांत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत लष्करी गाड्यांचा विषय हमखास निघतो. जोंगा ही जुनी लष्करी जीप, जिप्सी, क्वचित एखादा शक्तिमान ट्रक. ‘थेट आर्मी ऑक्शनची, पेपर क्लिअर’ एवढ्यावर विश्वास ठेवून लोक बयाणा देतात, आणि पुढे ती गाडी वर्षानुवर्षं घरामागे ताडपत्रीखाली पडून राहते. पडून राहण्याचं कारण इंजिनात सहसा नसतं. इंजिन कुठल्याही चांगल्या मेकॅनिकला उघडता येतं; कागद नसला तर तो कुणालाच तयार करता येत नाही. म्हणून हे पत्र.

लष्कराच्या ताब्यात असलेली गाडी आरटीओच्या नोंदवहीत नसते. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ६० खाली तिची नोंद संरक्षण खात्यातला अधिकारी करतो. नंबरपाटीवर वर तोंड केलेला बाण आणि गाडी लष्करात दाखल झाली त्या वर्षाचे दोन आकडे असतात. याच कलमात पुढे लिहिलं आहे की गाडीचा संरक्षणाशी संबंध संपला की तिला कलम ३९ आणि ४० लागू होतात. याचा सरळ अर्थ असा की लष्कराच्या फाटकातून बाहेर पडताच ती बिननोंदणीची गाडी होते, आणि मालक जिथे राहतो तिथल्या वाहतूक कार्यालयात तिची नव्याने नोंदणी करावी लागते. बाणाची पाटी तशीच ठेवून ‘आठवडाभर चालवू, मग बघू’ असं करता येत नाही.

या नव्या नोंदणीचा कणा म्हणजे नमुना २१, विक्री प्रमाणपत्र. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ४७ मध्ये नोंदणीच्या, म्हणजे नमुना २० च्या अर्जासोबत काय काय जोडायचं ते दिलेलं आहे, आणि माजी लष्करी गाड्यांसाठी तिथे स्वतंत्र उल्लेख आहे: संबंधित अधिकाऱ्याने दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र. झेरॉक्स नव्हे, नोटरीकडून साक्षांकित केलेली प्रतही नव्हे. लिलाव जिंकल्याचं पत्र, पैसे भरल्याची पावती, माल उचलण्याचा आदेश, गेटपास हे सगळे कागद सोबत जपून ठेवावेत, पण ते नमुना २१ ची जागा घेऊ शकत नाहीत. विक्रेता ‘सेल लेटर आहे’ म्हणाला तर ते हातात घेऊन बघावं. बऱ्याचदा तो फक्त गेटपास असतो.

आता इथे सगळ्यात मोठी अडचण, जी २०२३ पासून उभी राहिली आहे आणि अजून फार थोड्यांना ठाऊक आहे. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने नियम ५२अ आणला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपली असं धरायचं आणि त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रामार्फतच लावायची, असा तो नियम. देशाच्या संरक्षणासाठी प्रत्यक्ष कारवाईत वापरल्या जाणाऱ्या चिलखती आणि इतर विशेष गाड्यांना त्यातून सूट आहे. पण साध्या वाहतुकीच्या गाडीला या सुटीचा आधार मिळेल असं धरून चालू नये.

जोंगाचा हिशेब यावर मांडून बघा. निसान कंपनीच्या ‘पॅट्रोल पी-६०’ जीपवर बेतलेली ही गाडी जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत १९६९ पासून १९९९ पर्यंत बनली. शक्तिमान ट्रक १९९६ मध्ये बंद झाला. म्हणजे आज लष्कराकडे शिल्लक असलेली कुठलीही जोंगा किंवा शक्तिमान १५ वर्षांच्या कितीतरी पुढे गेलेली आहे. ‘गेल्या महिन्यात डेपोतून निघालेली जोंगा’ कुणी विकत असेल तर दोनच शक्यता राहतात. एक तर ती भंगार म्हणून निघालेली आहे आणि रस्त्यावर येऊ शकत नाही, किंवा ती गेल्या महिन्यातली नाही. आज बाजारात फिरणाऱ्या नोंदणीयोग्य जोंगा बहुतेक करून या नियमाआधीच्या लिलावांतल्या आहेत. त्यांचे कागद जुने, पिवळे पडलेले असणार. कोरा करकरीत कागद दिसला तर शंका घ्यावी. १९९६ च्या सुमारास काही जोंगा नागरी ग्राहकांनाही विकल्या गेल्या होत्या; अशी एखादी मिळाली तर तिचे कागद सुरुवातीपासून आरटीओचे असतात, आणि जास्त पैसे मोजूनही तीच घेणं शहाणपणाचं. थेट लिलावातून, वापरण्याजोगी गाडी म्हणून मिळण्याची शक्यता आता जिप्सीसारख्या १५ वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती उरली आहे.

लिलावाची पद्धत तशी सरळ आहे. संरक्षण खात्याचा निकामी माल मुख्यतः एमएसटीसी या केंद्र सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून निघतो. खरेदीदार म्हणून नोंदणी करायची, त्यासाठी पॅन, बँक तपशील वगैरे लागतं. मग लॉट, म्हणजे एकत्र विकला जाणारा गट, निवडायचा, अनामत रक्कम भरायची आणि ठरलेल्या वेळेत बोली लावायची. सगळा माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर विकला जातो. उचलल्यावर तक्रार ऐकली जात नाही, आणि ती करण्याचा अधिकारही खरेदीदाराला राहत नाही. त्यामुळे लॉटच्या अटींचा कागद शब्द न् शब्द वाचायचा. त्यात चार गोष्टी शोधायच्या: बोली फक्त स्क्रॅपिंग केंद्रांनाच खुली आहे का, गाडी ‘वाहन’ म्हणून विकली जातेय की ‘भंगार’ म्हणून, नमुना २१ मिळेल असं स्पष्ट लिहिलंय का, आणि सर्वोच्च बोली विक्रेत्याच्या मंजुरीच्या अधीन आहे का. चौथी अट असेल तर सर्वांत वरची बोली आपली असूनही ती नाकारली जाऊ शकते आणि अनामत तोवर अडकून राहते.

पैशांचा अंदाज बोलीच्या आकड्यावर थांबतो तिथे माणूस फसतो. बोलीवर जीएसटी लागतो, भंगार असेल तर वर टीसीएस (विक्रेत्याने वसूल करायचा आयकर), आणि मुदतीत माल उचलला नाही तर जागेचं भाडं दिवसागणिक चढत जातं. मुदतीत उरलेली रक्कम भरली नाही तर अनामत जप्त. शिवाय लॉट बहुधा एका गाडीचा नसतो. दहा-बारा गाड्या, त्यात एक जोंगा, बाकी ट्रकांचे सांगाडे, असा तो असतो. एकट्या माणसाला तो परवडत नाही, म्हणून मोठा व्यापारी लॉट घेतो आणि गाड्या सुट्या विकतो. इथे कागदांची साखळी तुटते. विक्री प्रमाणपत्र व्यापाऱ्याच्या नावावर, गाडी आपल्याकडे, मधे एक शंभर रुपयांचा स्टॅम्पपेपर. व्यापाऱ्याकडून घ्यायची असेल तर त्या एकाच गाडीचं, तिचा चेसिस नंबर असलेलं मूळ प्रमाणपत्र आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंतचं रीतसर बिल हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. आणि त्याआधी ते कागद घेऊन आपल्या तालुक्याच्या वाहतूक कार्यालयात जाऊन विचारावं. म्हापसा असो, फोंडा असो की मडगाव, खिडकीवरचा कारकून पाच मिनिटांत सांगतो की हे चालेल की नाही.

फसवणुकीचा एक प्रकार आता देशभर ओळखीचा झाला आहे. लष्करी गणवेशातला फोटो, ओळखपत्राची प्रत, ‘माझी बदली झाली, गाडी दाबोळीला विमानतळावर उभी आहे, वाहतुकीपुरते पैसे आधी पाठवा’ असा निरोप. लष्कराची गाडी कुठलाही जवान स्वतः विकत नाही, आणि कुठलंही युनिट मोबाइलवर पैसे मागवून गाडी देत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पाहणीच्या दिवशी सोबत काय न्यावं? टॉर्च, लहान हातोडी, लोहचुंबक, तारेचा ब्रश, प्लगपाना, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) आणि जुने कपडे. आत आयडी दाखवून प्रवेश मिळतो. गाडी सुरू करून दाखवतीलच असं नाही, बॅटरी बहुधा काढून घेतलेली असते.

सुरुवात नंबरांपासून करायची. चेसिस नंबर फ्रेमवर ठोकलेला असतो आणि वाहतूक कार्यालय त्याचा पेन्सिल-प्रिंट (कागदावर पेन्सिल घासून उमटवलेला ठसा) मागतं. त्या जागचा रंग आणि गंज ब्रशने काढून आकडे वाचावेत. आजूबाजूचा लोखंडी भाग घासून पातळ केलेला, आकड्यांची उंची कमी-जास्त किंवा रांग वाकडी दिसली तर तिथूनच परत फिरावं. इंजिन नंबरचा प्रकार निराळा आहे. लष्कराच्या बेस वर्कशॉपात इंजिनं एकत्र ओव्हरहॉल होतात आणि तयार असेल ते इंजिन गाडीवर चढतं, त्यामुळे जुन्या नोंदीतला इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळत नाही. यात गैर काही नाही. पण प्रमाणपत्रावर आज गाडीवर असलेलाच नंबर आला पाहिजे. दुरुस्ती हवी असेल तर ती गेटपासआधी, त्याच युनिटकडून करून घ्यायची. गाडी गोव्यात आणल्यावर दुरुस्तीचं पत्र पाठवून उत्तराची वाट बघण्यात पावसाळे जातात.

मग पत्रा आणि फ्रेम. हातोडीने फ्रेमच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर, मागच्या आडव्या पट्टीवर आणि पाट्यांच्या (स्प्रिंगांच्या) शॅकलजवळ हलके ठोके मारत जायचं. खणखणीत आवाज आला तर धातू शाबूत. बद्द आवाज आला किंवा खपल्या पडल्या तर आतून गंजलंय. पायाखालचा पत्रा, बॉडी फ्रेमला जिथे बसते ते जोड आणि काचेच्या चौकटीची बिजागरी या जागा आधी खराब होतात. लोहचुंबक जिथे चिकटत नाही तिथे पुटी भरलेली असते. लडाख किंवा राजस्थानातून आलेली गाडी गंजाच्या बाबतीत समुद्रकाठच्या गाडीपेक्षा बरी असते, मात्र राजस्थानच्या गाडीच्या बेअरिंगांत आणि एअर क्लीनरच्या नळीत वाळू शोधावी.

जोंगाचं इंजिन ३९५६ सीसीचं, सहा सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. ते दणकट आहे; नीट तेलपाणी मिळालं तर दगा देत नाही. पण लिटरला चार-पाच किलोमीटरच्या पुढे जात नाही, हे आधीच मान्य करून घ्यावं. तेलाची डिपस्टिक काढून बघायची: तेल दुधी दिसलं तर त्यात पाणी गेलंय. प्लग काढून इंजिन हाताने फिरतं का बघायचं. फिरत असेल तर सहाही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन घ्यायचं. आकडा किती यापेक्षा सहा आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर दोन्ही कमी असतील तर त्यांच्या मधली हेड गॅस्केट गेलेली असणार, ते काम आटोक्यातलं आहे. एकच सिलिंडर कमी असेल तर त्यात थोडं इंजिन ऑइल सोडून परत मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाही. ब्लॉकच्या बाजूचे पाण्याचे प्लग गंजून भोकं पडलेले असतील तर हिरवट-तांबूस डागांवरून कळतं.

जाम इंजिनाला घाबरून गाडी सोडायची गरज नाही, पण किंमत मात्र जाम इंजिनाचीच द्यावी. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं सोडून दोन-तीन दिवस मुरू द्यायचं, मग पुलीच्या बोल्टवर पाना लावून दोन्ही बाजूंना हळू हलवायचं. बॅटरी जोडून सेल्फ मारला तर वाकलेला व्हॉल्व्ह किंवा तुटलेली रिंग हे बक्षीस मिळतं. मोकळं झाल्यावर तेल बदलायचं, प्लग न लावता सेल्फवर फिरवून तेलाचा दाब आलेला बघायचा, आणि मगच पेट्रोल द्यायचं. तेही जुन्या टाकीतून नव्हे, बाहेर टांगलेल्या कॅनमधून. टाकीतला गंज कार्ब्युरेटरमध्ये गेला की दोन कामं होतात.

ब्रेक चारही ड्रमचे. बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे व्हील सिलिंडर हमखास जाम झालेले असतात आणि रबरी वॉशर दगडासारखे. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एकच सर्किट असतं, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. त्यामुळे सगळ्या रबरी आणि धातूच्या नळ्या बदलल्याशिवाय गाडी अंगणातही चालवू नये. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावं. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून परत हलवावं. ढिलाई गेली तर बेअरिंग झिजलंय, राहिली तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ). फोर-व्हीलचा दांडा हाय आणि लो दोन्हीत पडतो का, हे गाडी ढकलत बघता येतं. या कामासाठी कुळें भागात दूधसागरच्या जीपगाड्यांवर काम करणारे मेकॅनिक कामाला येतात. शक्तिमानसारख्या जड गाडीसाठी सावर्डे, कुडचडे, डिचोली. खाणींच्या ट्रकांवर पाटे, गिअरबॉक्स आणि लेथची कामं करून तिथल्या गॅरेजांचा हात बसलेला आहे.

दोन तुकड्यांच्या रिमबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण यात जीव जातो. जुन्या जीपच्या काही चाकांना दोन अर्धुकं नटांनी जोडलेली असतात, आणि ट्रकच्या चाकांना बाहेरून लॉक रिंग असते. टायरमध्ये हवा असताना अर्धुकं जोडणारे नट सैल केले किंवा गंजलेली रिंग ठोकली की रिमचा तुकडा तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. आधी व्हॉल्व्हची सुई काढून सगळी हवा सोडायची, ती पूर्ण गेल्याची खात्री करायची, आणि मगच पाना लावायचा. परत हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून लांब पाइपने भरायची. नेहमीच्या पंक्चरवाल्या पोराला हे ठाऊक असेलच असं नाही, त्याला आधी सांगावं.

रेडिओ बसवलेल्या गाड्यांची वायरिंग बहुधा २४ व्होल्टची असते, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून. मालक हौसेने १२ व्होल्टचा टेप एकाच बॅटरीवरून घेतो. मग एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरीवर चार्ज जास्त, आणि दोन्ही लवकर मरतात. त्यासाठी २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावावा. या गाड्यांचं इग्निशन रेडिओत खरखर येऊ नये म्हणून धातूच्या आवरणात बंद केलेलं असतं. त्याचे प्लग आणि वायरी साध्या दुकानात मिळत नाहीत. बंगालमधलं पानागड, दिल्लीचं मायापुरी इथे शोध घ्यावा लागतो.

गाडी आणायची कशी? चालवत नाही. नंबर नाही, विमा नाही, ब्रेकचा भरवसा नाही. फ्लॅटबेडवर चढवून, बिल आणि प्रमाणपत्राच्या प्रती ड्रायव्हरजवळ ठेवून. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. घाटातून उतरताना लांब ट्रेलरला अरुंद वळणं जड जातात, म्हणून कुठल्या घाटातून यायचं ते वाहतूकदाराशी आधीच ठरवावं. हँडब्रेकवर विसंबून न राहता चारही चाकं बेल्टने बांधून घ्यावीत.

गोव्यात आल्यावर पहिलं काम रंग. नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याखेरीज कुणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. लोक नेमका तोच रंग नव्याने मारून तपासणीला नेतात आणि परत पाठवले जातात. तपकिरी, वाळूसारखा, राखाडी, दुसरा कुठलाही घ्यावा. डाव्या स्टिअरिंगची विलिज जीप असेल तर कलम १२० प्रमाणे चालू स्थितीतले इंडिकेटर आवश्यक आहेत. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेली जोंगा स्वस्त मिळते. तो बदल कलम ५२ खाली मंजूर होऊन कागदावर आलेला नसेल तर ती स्वस्ताई पुढे महाग पडते. थर्ड पार्टी विमा नोंदणीआधीच लागतो, तो चेसिस नंबरवर काढतात.

५० वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ पासून व्हिंटेजचा वेगळा मार्ग आहे, नियम ८१अ आणि पुढचे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. ही सोय दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरती आहे, ट्रकांना नाही. चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचंच हवं. आणि अशी गाडी रोज बाजारात नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. सुरुवातीच्या वर्षांतल्या जोंगा आता या वयात आल्या आहेत. ज्यांना लग्नाच्या वराती आणि पर्यटकांच्या फेऱ्या करायच्या असतील त्यांनी हा मार्ग धरू नये, व्यावसायिक वापराला त्यात मनाई आहे. मोरजी-हणजुणेच्या वाळूत फोर-व्हील पळवण्याच्या इराद्याने कुणी गाडी घेत असेल तर तेही बेकायदाच आहे.

राहिलं पेट्रोल आणि पाऊस. आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९७०-८० च्या रबराला ते मानवत नाही. पंपाचा पडदा फुगतो, नळ्या मऊ होऊन आतून सुटतात, आणि आपल्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढून घेतं, मग टाकीच्या तळाशी गंज. नळ्या आणि पडदे फ्लोरोरबराचे बसवावेत, मिश्रण पातळ होतं म्हणून कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) थोडा मोठा करून पीयूसीवर जुळवून घ्यावा (जुन्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे), आणि जूनआधी टाकी एक तर काठोकाठ भरावी नाहीतर पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवावी. अर्धी टाकी ठेवू नये. ताडपत्री गाडीवर घट्ट बांधली तर आत वाफ कोंडते; वर छप्पर आणि चारही बाजू उघड्या हे कधीही चांगलं.

या निमित्ताने दोन मागण्या. वाहतूक खात्याने माजी लष्करी गाड्यांच्या नोंदणीला लागणाऱ्या कागदांची यादी मराठी आणि कोंकणीत प्रत्येक तालुका कार्यालयात लावावी. आज ती माहिती खिडकीगणिक बदलते. आणि संरक्षण खात्याच्या लिलावात प्रत्येक लॉटसमोर ‘नमुना २१ मिळेल’ किंवा ‘फक्त स्क्रॅपिंगसाठी’ यांपैकी एक ओळ ठळक छापली जावी, अनामत भरण्याच्या पानावरच.

आपला,
जुन्या फोर-व्हील गाड्यांच्या दुरुस्तीतला एक वाचक,
फोंडा, गोवा